अंगठ्याखालचे तीन सेकंद

मी एक स्टॉपवॉच. बसा निवांत, घाईची कामं माझ्याकडून आयुष्यभर करून घेतली लोकांनी, आता दोन शब्द सावकाश बोलतो.

वजनकाटा आणि मी भाऊबंदच. काटा खरा की खोटा, हे काट्यावर नसतं, अंगठा कुणाचा त्यावर असतं. माझा पहिला मालक पोहण्याचा शिक्षक. पोरं धापा टाकत काठाला हात लावायची आणि वर बघायची, "किती, सर?" आकडा वाईट असला की तो मुद्दाम दुप्पट मोठ्याने सांगायचा. लोक त्याला कसाई म्हणत. पण त्याच्या हाती मी एकदाही खोटं बोललो नाही.

त्याच्यानंतर मी एका शिंप्याकडे आलो. सगळे त्याला मास्तर म्हणत. कुणाच्या खांद्याचं माप पाव इंच चुकलं तर ज्याला घास गिळवत नसे, असा माणूस. शेहेचाळिसाव्या वर्षी त्याला बाईकचं वेड लागलं. महिन्यातल्या एका रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोकांना बाईक पळवू देतात. शर्यत नाही, बक्षीस नाही. नुसते तीन गट: नवशिके, मधले आणि तरबेज.

मास्तर दोन वर्षं नवशिक्यांतच होता. शेवटी त्याने बायकोला शब्द दिला, "या वर्षाच्या शेवटच्या रविवारी मधल्या गटात नसलो, तर बाईक विकतो. पुन्हा नाव काढणार नाही." मधल्या गटासाठी फेरी दोन मिनिटं पाच सेकंदांच्या आत हवी. त्याची यायची दोन-आठ.

मोजायला बायको. कठड्यापाशी ती उभी, मी तिच्या मुठीत. बाईक विकली जावी असंच तिला वाटे. तिचा तळवा किती घामेजायचा ते मलाच ठाऊक. पण आकडा ऐकला की मास्तर न जेवताच ताट बाजूला सारायचा आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांवर खेकसायचा.

एका रविवारी तो फेरी संपायच्या रेषेपासून बराच अलीकडे असताना तिचा अंगठा दबला.

"अहो, दोन-सहा!"

"काय सांगतेस! दाखव, दाखव."

त्या दिवशी तो पोटभर जेवला, वर दोनदा वाढून घेतलं. पुढच्या खेपेला दोन-पाच झाले, मग दोन-चार. मास्तर वहीत आकडे असे काढायचा, जणू खडूने कापडावर आखतोय.

ट्रॅकवरचा प्रशिक्षक मात्र मुरलेला गडी. म्हणाला, "मास्तर, एखादी फेरी चांगली आली म्हणजे सुधारणा झाली असं नाही. पाच फेऱ्या सारख्या येतात का ते बघा. तुम्ही अजून ऐन वळणात दचकून ॲक्सिलरेटर सोडता. गाडीला शिंका येतात तुमच्यामुळे!"

"पण आकडे बघा की, साहेब."

"आकडे बरेत. डोळ्यांना पटत नाहीत, एवढंच."

नावनोंदणीच्या फॉर्मवर गट ज्याचा त्याने लिहायचा असतो. शेवटच्या रविवारी मास्तरने 'मधला' लिहिलं.

"अहो, राहू द्या ना यंदा," बायको म्हणाली. "बाईक नका विकू, हवं तर. पण नवशिक्यांतच थांबा."

"अगं, तूच मोजलंस ना?"

ती मला मुठीत घेऊन कठड्याकडे वळली.

तिसऱ्या फेरीत, वळणातच, दोन बाईक त्याच्या दोन्ही अंगांनी सुसाट गेल्या. मास्तर दचकला, ॲक्सिलरेटर सोडला आणि बाईकसकट कडेच्या खडीत गेला. मी मुठीत चालूच होतो. मला थांबवायचं कुणाला सुचणार?

उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. मधल्या गटातल्या गाड्यांना ट्रॅकवाले वेळ मोजायचं स्वतःचं यंत्र लावतात. त्याचा कागद दवाखान्यात आला. पहिली फेरी दोन-सात, दुसरी दोन-आठ. मास्तरने डाव्या हाताने तो बायकोपुढे धरला.

"किती सेकंद खाल्लेस?"

"तीन."

"का गं?"

"तुम्ही जेवत नव्हता."

"गिऱ्हाईक केवढंही जाड असो," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी टेप कधी आवळून धरली नाही."

बाईक गेली. कापायची कात्री त्या हातात ठरत नाही, म्हणून कटिंगच्या टेबलाशी आता दुसरा कारागीर उभा राहतो. मास्तर रोज सकाळी पलंगावर बसून रबरी चेंडू मुठीत आवळतो, आणि तो किती वेळ धरवतो ते बायको माझ्यावर मोजते. पहिल्या महिन्यात अकरा सेकंद. पाचव्यातही अकराच. डॉक्टरांनी पुढची तारीख द्यायचंही सोडलंय.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर एवढं ऐका: जीव लावणाऱ्या माणसाच्या हाती त्याला देऊ नका.

आज सकाळी चेंडू निसटून पलंगाखाली गेला.

"किती?"

"अकरा."

"बारा म्हण की गं. एकदा."

तिने मला उलटं करून उशीवर ठेवलं.

"अकराच झाले हो," ती म्हणाली आणि चेंडू काढायला खाली वाकली.