व्हिटलोची लूना

उत्तमरावांनी टाकीवरची सोनेरी अक्षरं जुन्या बनियनच्या फडक्याने पुन्हा एकदा पुसली आणि गाडी विकत घ्यायला आलेल्या नबीलकडे पाठ ठेवूनच गाडीची ओळख करून दिली.

"व्हिटलो. अमेरिका. उन्नीस सौ ग्यारह."

मस्कतच्या अल हैल भागातल्या त्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे लोकांचा सोफा असतो, तिथे ही मोटरसायकल उभी होती. त्यांच्या बायकोने, जयवंतीने, सोफ्याचं नाव काढलं, की गाडीला कुठून तरी नवा भाग यायचा. आता हॉलमध्ये गाडी आणि दोरीने बांधलेली खोकी एवढंच उरलं होतं. शुक्रवारी विमान, मग चिपळूण, कायमचं. नबीलने आज गाडी घेतली तर ठीक, नाहीतर ती वादी कबीरच्या भंगारात जायची. मुंबईच्या कस्टमवाल्यांना व्हिटलो समजावून सांगण्याची ताकद उत्तमरावांत नव्हती. खरं तर कसलीच नव्हती. ऑफिसातल्या निरोपसमारंभात ते हार घालून घ्यायलाही उठले नव्हते.

नबीलने कौतुकाने मागचं चाक फिरवणारा कातडी पट्टा चाचपला आणि विचारलं, "कौन था ये व्हिटलो?"

हा प्रश्न पाहुण्याने विचारो न विचारो, उत्तर ठरलेलं होतं. व्हिटलो ओहायोतल्या एका गावात लोणी काढायची यंत्रं बनवायचा. बरं चाललं होतं. एकदा त्याने यंत्राचं इंजिन सायकलीला बसवलं आणि तिथून त्याचं वाटोळं सुरू झालं. गाडी चांगली निघाली, पण तेवढ्यात स्वस्त मोटारी आल्या. कारखान्याला कुलूप लागलं आणि व्हिटलो परत लोण्याकडे वळला. खलास. गणपतीला येणारी मंडळी लोण्यापर्यंत कशीबशी टिकायची, मग त्यांना बौशरला अजून दोन घरी जायचं असल्याचं आठवायचं.

"कहानी अच्छी है, उत्तमभाई. चलती है?"

"चलती है ना! स्टँड पे रोज चालू करता हूँ."

"स्टँड पे तो मेरी दादी भी चलाएगी." नबील हसला. "बाहर निकालो. एक चक्कर मारो. चलेगी तो अभी ले जाऊंगा. नहीं चलेगी तो माफ करो, शोपीस घर में बहुत हैं."

"आप ही देख लो ना."

नबीलने आपल्या पायघोळ, शुभ्र डिश्डाशाकडे बोट दाखवलं. "इस पे तेल उडेगा. और पहले मालिक."

दोघांनी गाडी मागच्या गल्लीत काढली. उत्तमराव खिशात चष्मा शोधू लागले. तो नाकावरच होता.

कॉलेजात असताना मित्राच्या राजदूतवरून ते चारचौघांसमोर, विशेषतः चारचौघींसमोर, गटारात गेले होते. त्यानंतर ते कुठल्याच दुचाकीवर बसले नाहीत. चहापोह्यांच्या कार्यक्रमात मात्र त्यांनी राजदूत आपलीच होती आणि आपण ती फार जोरात हाणायचो, असं सांगितलं होतं. पुढे मस्कतची नोकरी लागली. इथे सगळ्यांकडे कार. कार पडत नाही.

"आज जरा पट्टा..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो!" जयवंती चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभी होती. "डॉक्टरांनी गुडघ्याचं काय सांगितलंय?"

उत्तमरावांचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. ते आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिले.

"विसरलात ना? धरा." तिने ट्रे त्यांच्या हातात दिला आणि ओढणी कमरेला खोचली. "नबीलभाई, इनका घुटना खराब है. मैं चलाती हूँ."

गाडी घरात आली त्याच दिवशी ती म्हणाली होती, "अय्या, ही तर लूनाच की! पायडल मारायचं, पेटली की निघायचं." चिपळूणला ती डीएडला लूनावरूनच जायची. उत्तमराव तेव्हा दोन दिवस धड जेवले नव्हते.

तिने पायडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा पेटलं. खांदे सैल सोडून, जराही न डगमगता, ती लाँड्रीच्या कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

"माशाल्ला!" नबील म्हणाला. "आपने सिखाया?"

उत्तमरावांनी ट्रे मागच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या एका खोक्यावर टेकवला आणि शेजारच्या खोक्यावर बसले. आत काच आहे, असं त्यावर त्यांनीच लिहिलं होतं.

"नहीं." चष्मा पुसत ते म्हणाले, "वो व्हिटलो... खुद कभी नहीं बैठा इस पे. डरता था. शाम को कारखाने से पैदल घर जाता था."

"ये तो आपने नहीं बताया."

"नहीं बताया."

आवाज इमारतीच्या दुसऱ्या बाजूने परत येऊ लागला. नबील पुढे होऊन हात हलवू लागला. जयवंती समोरून आली, पण थांबली नाही. ओढणीचं टोक सुटून मागे उडत होतं. ती पुन्हा लाँड्रीच्या कोपऱ्यावरून वळली.

"ब्रेक है ना?" नबीलने काळजीने विचारलं.

"है."

उत्तमरावांनी एक बशी उचलली आणि तिच्या चहावर झाकली.