मामाच्या नावाचा गंज

“पप्पा, या गंजात तुमी शेवटी काय कालवलं होतं?”

एवढाच प्रश्न. पण सलोनीने तो विचारावा म्हणून तिच्या मैत्रिणींना पैज लावावी लागली. शाळेत आलेल्या पाहुण्यांना उभं राहून प्रश्न विचारणारी ही मुलगी, पण घरी पप्पांना असं काही विचारायची पद्धतच नव्हती. आणि मित्रांनो, ज्याच्याबद्दल हा प्रश्न होता, तो गंज म्हणजे मीच. उत्तर मला तोंडपाठ होतं. चुलीवर बसून केव्हाचा मी तेच सांगत होतो. पण भांड्याचं ऐकतो कोण?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा उगाच चिडलाय. मी चिडलेलाच आहे, पण उगाच नाही.

आमच्या फुलसावंगीकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि अॅल्युमिनियमला जर्मन. तर मी जर्मनचा गंज, वयाने जुना आणि पोटाने मोठा. कारखान्यात एक गोल पत्रा साच्यावर गरगर फिरवून मला आकार दिला आणि माझा काठ बाहेरच्या बाजूला दुमडला. हा दुमडलेला काठ लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा तिथेच लपून बसला होता.

सलोनीची आई शीला, तिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या उकंडा मामाने पुसदच्या बाजारातून मला घेतलं. इतर गंज वाजवून पाहिले, मला मात्र कुशीत धरून पाहिलं. मग दुकानदाराने मशीन लावून माझ्या पोटावर नाव टाकलं: ‘शीलास उकंडा मामाकडून सप्रेम भेट’. त्या मशीनने ज्या गुदगुल्या झाल्या, त्या अजून आठवतात. मित्रांनो, नाव टाकलेलं भांडं म्हणजे साधंसुधं भांडं नसतं. ते शेजारी गेलं तरी ओळखून परत येतं. कार्यक्रमात हरवलं तर चार घरं शोधतात. आणि त्याला कितीही पोचे पडले तरी त्याला कोणी भंगारात देत नाही. मला या नावाचा भारी गर्व होता. तोच पुढे नडला.

माझे कामाचे दिवस मात्र झकास गेले. शीलाने मोरीच्या पाण्यावर गवती चहाचा ठोंब लावला होता. ती विळ्याने पाती कापायची, त्यांची एक गाठ मारायची आणि खळखळत्या पाण्यात सोडायची. वरून ठेचलेलं आलं आणि तुळशीची पानं. कोणाला सर्दी असेल तर पानओव्याची जाड पानं हाताने चुरडून. दारात पाहुणा आला, जयभीम झाला, पाणी झालं, की मागोमाग माझ्यातला चहा यायचाच. जयंतीच्या आधी पताका बांधणारी पोरं तर कपांसाठी भांडायची. सगळे म्हणायचे, शीलाताईच्या हाताले चव हाय. कोणी गवती चहाचं नाव घ्यायचं, कोणी गुळाचं. खालून जाळ कोण सोसतं, हे मात्र कोणाच्या तोंडून कधी निघालं नाही. निघेल असं मला दरवेळी वाटायचं. जाऊ द्या.

मग घरात स्टील आलं. एकदा धुताना मी हातातून निसटलो, बूड पोचलं, आणि तेव्हापासून मी शेगडीवर डुगडुगायला लागलो. आता आमच्याकडची एक रीत सांगतो. स्वयंपाकघरातून उतरलेली वस्तू वावरात जाते. फाटका सदरा बुजगावण्याला, तुटका तवा झाकणाला, आणि पोचलेला गंज ज्याला जे सुचेल त्या कामाला. त्या पावसाळ्यात कपाशीवर अळी पडली होती. सलोनीचे पप्पा धम्मरत्न फवारणीच्या घाईत होते आणि बादली नेमकी तडकलेली. त्यांनी मला उचललं.

वावरात विषाला औषध म्हणतात. ते माझ्यात ओतलं, पाणी टाकलं, तुराटीच्या काडीने कालवलं आणि पाठीवरच्या पंपात भरलं. ज्या पोटात गवती चहाची गाठ फिरत होती, त्याच पोटात. तो वास कसा सांगू? पाऊस पडला, ऊन तापलं, वास हटेना. ‘अहो, मी चहाचा आहे!’ असं मी किती ओरडलो. कपाशी तेवढी हलली, तीही वाऱ्याने.

तिथेच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मला राहू दिलं असतं, तरी मी तक्रार केली नसती. पण फवारणीचा हंगाम संपल्यावर शीला कापूस वेचायला आली आणि तिला मी पालथा पडलेला दिसलो. पोटावर मामाचं नाव. उकंडा मामा तोवर वारला होता. तिने मला पदराने पुसलं, घरी नेलं, राखेने घासलं आणि सामानाच्या खोलीत खिळ्याला लटकवलं. मामाचं नाव असं वावरात लोळू देणं तिला पटलं नाही. यात स्वयंपाक करायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धम्मरत्नलाही ठाऊक होतं. आणि दोघांना ठाऊक होतं म्हणून दोघांनाही वाटलं, की घराला ठाऊक आहे. सलोनीला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. या गोष्टीचा मला जेवढा संताप येतो ना, तेवढा त्या विषाचाही येत नाही.

आता सलोनीचं ऐका. यंदा ती नववीत गेली, वक्तृत्वात पहिली आली, आणि तेव्हापासून घरात भिंतींनासुद्धा भाषण ऐकावं लागतं. शाळेच्या आनंद मेळाव्यात दरवर्षी भेळ आणि पाणीपुरीचेच स्टॉल. हिने बाईंना सांगून टाकलं, माझा स्टॉल बागेतल्या ताज्या चहाचा. अंगणात तिने पुदिना लावला, पानओवा वाढवला, आईच्या गवती चहाला शेणखत घातलं. अडलं ते गंजापाशी. सगळ्या शाळेला पुरेल एवढा चहा करायचा तर मोठा गंज हवा, आणि आईचा मोठा स्टीलचा गंज मागायची सोय नव्हती. त्याला ओरखडा पडला तर आई आठवडाभर बोलली असती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी आईपप्पा वावरात होते. सलोनी सामानाच्या खोलीत शिरली आणि मला पाहून नाचलीच. मित्रांनो, खरं सांगतो, मीही आतून नाचलो. किती वर्षांनी कोणीतरी मला दोन्ही हातांनी धरलं होतं. तिने नारळाच्या शेंडीने मला असं घासलं, की मला माझंच तोंड ओळखू येईना. आणि मग मला आठवलं, मी कशाने भरलो होतो.

अंगणात तीन विटांवर मला चढवलं. चव पाहायला तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, दिपाली आणि ममता. सलोनीने पाणी ओतलं, पातींची गाठ सोडली, आलं ठेचलं, पानं चुरडली. जाळ लागला. बाहेरून मी चकचकीत, पण त्या दुमडलेल्या काठाच्या आत पिवळट पापुद्रा तसाच चिकटलेला. तिथे शेंडी पोचत नाही आणि डोळाही पोचत नाही. वाफ मात्र पोचली. पापुद्रा सुटायला लागला. मी पोचलेल्या बुडावर डुगडुगलो, इकडे झुकलो, तिकडे झुकलो. सांडावं तरी कसं? सलोनीने बुडाखाली दगडाची एक चिप लावली आणि मला पक्कं बसवलं.

त्याच काठावरून चहा कपात ओतला. ममताने फुंकर मारली. दिपालीने कप नाकाशी नेला आणि तशीच थांबली.

“सलोने, याले पंपावानी वास येऊन राह्यला.”

सलोनी फणकारली. म्हणाली, पानओव्याचा वास आहे, तुला सवय नाही. दिपाली म्हणाली, तिच्या घरीही फवारणीचा पंप आहे आणि हा वास तिला झोपेतसुद्धा ओळखता येतो. ममताने कप खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. तिला दोघींचीही मर्जी राखायची होती. मी म्हणत होतो, पोरी, दिपालीची राख, दिपालीची!

तेवढ्यात फाटकापाशी सायकल वाजली. कापसाचं गाठोडं घेऊन पप्पा आले होते.

“शाळेत लय बोलतं ना,” दिपाली हळूच म्हणाली, “मंग विचार तुया पप्पाले, या गंजात शेवटी काय कालवलं होतं. हाय काय हिंमत?”

सलोनीने विचारलं. पैज जिंकायला विचारलं, उत्तरासाठी नाही. तिला खात्री होती, पप्पा हसतील. पप्पा खरंच हसले. मग त्यांनी मला पाहिलं. मग पोरींच्या हातातले कप पाहिले. गाठोडं तिथेच पडलं.

“पेलं काय कोणं?”

कोणीच प्यायलं नव्हतं. त्यांनी तिघींकडून तीनदा वदवून घेतलं, कप हिसकावून घेतले, आणि मला लाथेने विटांवरून पाडलं. चहा राखेत सांडला. आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि लागलंही इतकं कधी नव्हतं. पप्पा ओसरीवर बसले.

मागून शीला आली आणि तिला सगळं कळलं. मग दोघांची जुंपली. ते म्हणाले, तूच आणला हा घरात. ती म्हणाली, तुमीच नेलता वावरात. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं, दोष गंजाचा. पप्पा म्हणाले, सोडा टाकून गरम पाण्याने धुऊ. आई म्हणाली, नाही, माळ्यावर ठेवून देऊ, मामाची आठवण आहे. घ्या! म्हणजे परत तेच. कोणीतरी वर चढणार, कोणीतरी मला पाहून नाचणार, आणि मी पुन्हा मुक्याने बोंबलणार.

मित्रांनो, आठवण जपा, पण ती कशाने भरलीय हेही घरातल्या लहानात लहान माणसाला सांगत जा. भांडं बोलत नाही. बोलायचं काम तुमचं आहे.

सलोनी उठली, घरातून एक लांब खिळा घेऊन आली, मला दगडावर पालथं घातलं आणि खिळ्याचं टोक बरोब्बर पोचलेल्या जागी टेकवलं. नावापासून दूर.

“आई, पप्पा, मी ठरवलं,” ती म्हणाली. आवाज वक्तृत्वाचा नव्हता, साधा होता. “याच्या बुडाले मी भोक पाडून राह्यली. मामाचं नाव राहीन, पर याच्यात कोणं पाणीबी भरू शकणार नाई. औषधाची बादली अलग आणू, तिले लाल पट्टा मारू, आन ते वावरातच राहीन. आजपासून या घरचं एकबी भांडं वावरात जाणार नाई, किती का पोचलेलं असेना. आन उद्या मेळाव्यात चहा होईनच. आई, तुया मोठा स्टीलचा गंज मले लागते.”

मग तिने हात पुढे केला.

“पप्पा, हातोडी द्या.”