गुरुजी माझ्यावरून उतरले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी प्लॅटफॉर्म आहे. वर्गात फळ्यासमोर पसरलेला, उंची वीतभर, पण ऐट डोंगराची! गावच्या सुतारदादांच्या वडिलांनी मला रंधा मारून इतका गुळगुळीत केला, की पहिल्याच दिवशी एक माशी घसरून थेट मुख्याध्यापकांच्या चहात पडली. खोटं वाटतं? माशीला विचारा.

माझ्यावर उभे राहून गुरुजी शिकवत. काय तो आवाज! भिंतीवरची पालसुद्धा हाताची घडी घालून ऐकायची. "लाकूड तरंगतं, लोखंड बुडतं," असं ते म्हणाले की माझी छाती फुगायची. मुलं एका सुरात तेच म्हणायची. माझ्यावरून बोललेलं शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. तिकडून मात्र परत काहीच यायचं नाही.

गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांची सूनच आमच्या वर्गाची बाई झाली. ती माझ्यावर चढेचना! मुलांत बसून "तुला काय वाटतं?" विचारायची. माझ्यावर धूळ, ओल्या छत्र्या आणि फुटका पृथ्वीगोल. शेवटी मला कापून पुस्तकं ठेवायची मांडणी करायचं ठरलं. सुतारदादा करवत घेऊन हजर!

बातमी कळताच गुरुजी तरातरा आले. "सूनबाई, हा वर्ग आहे की बाजार? एकदा मला शिकवू दे, मग काय ते काप."

"शिकवा ना, बाबा."

गुरुजी चढले. "लाकूड तरंगतं, लोखंड..."

"मग एवढं मोठं लोखंडी जहाज कसं तरंगतं?" शेवटच्या बाकावरून चिमणी नावाची मुलगी ओरडली.

गुरुजींचे पाय थबकले. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं गं!"

"रंग लावतात म्हणून!" "कप्तान खालून फुंकर मारतो!" मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. वाद रंगला, उत्तर मात्र सापडेना. बाईलाही नीट सांगता येईना.

तेव्हा गुरुजी खाली उतरले आणि माझ्याच काठावर बसले. त्यांनी पाण्याची बादली मागवली. सुतारदादांचा खिळा टाकला, तो बुडाला. त्यांचाच खिळ्यांचा पत्र्याचा डबा रिकामा करून सोडला, तो तरंगला.

"पत्रासुद्धा लोखंडच. पण पोकळ डबा पुष्कळ पाणी बाजूला सारतो, आणि तेच पाणी त्याला उचलून धरतं."

"आणि डब्यात पाणी भरलं तर?" चिमणीने विचारलं.

गुरुजी उत्तर देणारच होते. पण थांबले, मिशीत हसले. "तुला काय वाटतं?"

बाई म्हणाली, "सुतारदादा, करवत ठेवा. हा प्लॅटफॉर्म जरा मुलांच्या मधोमध सरकवू या."

तर मित्रांनो, मला पुसत जा, माझे निघालेले खिळे ठोकत जा. माझ्यावर खुशाल चढा, खणखणीत बोला. पण शेवटच्या बाकावरून आवाज आला, तर उतरा. मी वीतभरच उंच आहे.