डुप्लिकेट बगळा

माझे बाबा आमच्या टोकोरोआ गावच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं होते आणि ती सगळी वर्षं सिगारेट ओढत होते. त्यांना दफनभूमीत पोचवून आल्यावर मी माझी सिगारेट टाकली आणि निकोटिनची वाफ ओढायचा व्हेप धरला. दीड वर्षाने तोही सुटला. मग मनात आलं, मला जमलं ते गावाला का जमू नये? म्हणून गिरणीच्या रस्त्यावर, भाजलेल्या चिकनच्या टपरीशेजारी, व्हेपचं दुकान घातलं. शाळकरी पोरांना मी दारातूनच पिटाळते. त्यावरून दोन आयांशी भांडणं झालीत आणि तिघींनी येऊन मिठी मारली आहे.

नेव्हिल ट्रॉटर दुकानात आले तो मंगळवार होता. शेजारच्या पुतारुरू गावचे, सत्तरी ओलांडलेले, गिरणीतले जुने फिटर. बाबांच्या तोंडी त्यांचं नाव ऐकलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं. त्यांनी काचेच्या कपाटाकडे बघितलं, खिशातून स्टीलचा एक जाडसर व्हेप काढला आणि काउंटरवर ठेवला.

"तुमच्याकडचा एक काढता का?"

मी काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तीच लांबी, तीच गोलाई, अंगावर कोरलेला तोच पांढरा बगळा. फरक एवढाच की त्यांचा हाताळून मऊ झालेला होता आणि माझा चकचकीत.

"हा मी घडवलाय. घरी, लेथवर. महिन्याला चार-पाच होतात," ते म्हणाले. "बगळा माझ्या बायकोने कोरला. नोएलीन डावखुरी होती. पहिल्याच बगळ्याला तिचा हात सटकला. हा पाय बघा, कसा वाकडा झालाय. मी म्हटलं, राहू दे, लंगडा तर लंगडा. मग पुढचे सगळे तिने तसेच कोरले."

मी माझ्याकडचा उजेडात धरला. पाय वाकडा होता.

"ती जाऊन दोन वर्षं झाली," नेव्हिल म्हणाले. "कुठल्या तरी कारखान्यातलं मशीन आता तिची चूक हजारोंनी काढतंय."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझी जीभ सुटते. "पापा," मी म्हणाले, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात, "तुमचा व्हेप इथल्या कुणाला परवडतो का? ऑकलंडचा होलसेलवाला मला हा हाती घडवलेल्याच्या पाव किमतीत देतो. माझं गिऱ्हाईक गिरणीतलं, लाकडाच्या ट्रकवरचं. हा मिळाला नाही तर ते परत सिगारेटकडेच जाणार. मग मी करू काय?"

मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी आपला व्हेप उचलला, रुमालाने पुसला आणि खिशात टाकला.

"तुमच्याकडच्या बगळ्याच्या बुडाच्या बटणाला कुलूप नाहीये," जाता जाता ते म्हणाले. "माझ्या पहिल्या व्हेपलाही नव्हतं. नंतर मी बसवलं. त्यांनी नक्कल पहिल्याची मारली. खिशात बटण दाबलं गेलं तर तापेल. तेवढं गिऱ्हाइकांना सांगा."

मी कुणालाही सांगितलं नाही. काय सांगणार होते? मीच विकलेला माल वाईट आहे म्हणून?

नऊ दिवसांनी माझा चुलतभाऊ नूरोआ लंगडत दुकानात आला. तो ओंडक्यांचा ट्रक चालवतो. देह रेड्यासारखा, पण सुई टोचली तरी रडेल असा.

"मेरेआना, माझी मांडी भाजली!"

"काय सांडलंस?"

"सांडलं काय? तुझा बगळा! घाटात गाडी वळवत होतो आणि खिशातच तापला. एका हाताने स्टिअरिंग धरू की विजार काढू? सांग ना! मागे तीस टन लाकूड!"

मी हसले, कारण तो सांगतच तसा होता. मग त्याने मलमपट्टी सोडून दाखवली आणि माझं हसू थांबलं. तळहाताएवढा फोड होता. ट्रक दरीत गेला असता तर काकूला मी कुठलं तोंड दाखवलं असतं?

त्याच दुपारी कपाटातले सगळे बगळे खोक्यात भरले, दुकानाला कुलूप लावलं आणि पुतारुरूला गेले. नेव्हिल गॅरेजमध्ये लेथपाशी होते. मी खोकं खाली ठेवलं आणि झालं ते सगळं सांगितलं.

"पोरगा बरा आहे ना?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"बरा आहे. रडतोय."

"मग बरा आहे." त्यांनी किटली ठेवली.

चहा पिताना ठरलं की या नकलेबद्दल एकदा वकिलाला विचारायचं. हॅमिल्टनला लोकांना फुकट सल्ला देणारं एक केंद्र आहे. तिथे अनाहेरा नावाची वकीलबाई भेटली. वयाने माझ्याहून लहान, बोलायला सुरीसारखी. तिने दोन्ही व्हेप फिरवून फिरवून पाहिले.

"घडवायच्या आधी कागदावर काढला होतात का?" तिने नेव्हिलना विचारलं.

नेव्हिलनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. गिरणीतल्या पाळ्यांचे जुने तक्ते होते. त्यांच्या पाठीमागे पेन्सिलने काढलेले नकाशे, एकेक माप लिहिलेलं. पुढच्या बाजूला पाळीची छापील तारीख. एका कोपऱ्यात नोएलीनचा बगळा.

अनाहेराचा चेहरा उजळला. "हे जपून ठेवलंत ते सोनं केलंत. आपल्याकडे अशा नकाशालाही मालकी असते, चित्राला तर असतेच. वेगळी नोंदणी नसली तरी दावा सांगता येतो. चीनमधल्या कारखान्यापर्यंत हात पोचेल असं मी म्हणत नाही, पण ऑकलंडच्या होलसेलवाल्याला पत्र जाईल." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही. हा माल विक्रीला परवानगी असलेल्या व्हेपच्या सरकारी यादीत आहे की नाही, पाहिलं होतंत?"

"होलसेलवाला म्हणाला, कागदपत्रं झालीत."

"मी विचारलं, तुम्ही पाहिलंत का?"

यादी उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी कधी काढली नव्हती. बगळा यादीत नव्हताच. म्हणजे तो नकली नसता तरी मला विकता आला नसता.

"असंच पाहिजे त्या होलसेलवाल्याला," मी पुटपुटले.

"थांबा," अनाहेरा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मऊ झाला. "मिस्टर ट्रॉटर, तुमचा तरी यादीत आहे का?"

नेव्हिलनी नकारार्थी मान हलवली. ते रविवारच्या बाजारात विकायचे, ओळखीपाळखीत विकायचे. यादी असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. नक्कल बेकायदा होतीच, पण अस्सलही बेकायदा निघाला.

आम्ही गाडीने परतीच्या वाटेला लागलो. तिराउ गावाच्या आसपास नेव्हिल म्हणाले, "नोएलीन असती तर पोट धरून हसली असती."

"आणि मग?"

"मग म्हणाली असती, रडत बसू नकोस, कुलूप लाव."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली: बगळा घेतलेल्यांनी वापरू नये, परत आणावा, पैसे मिळतील. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. चर्चमध्ये पास्टरांना सांगून घोषणा करवली, आणि सगळ्या गावासमोर मान खाली घालून बसले. आरोग्य खात्यालाही मीच पत्र लिहिलं. त्यांनी येऊन दुकान तपासलं, लेखी ताकीद दिली. वाटलं होतं त्याहून सुटका हलक्यावर झाली.

काही जणांनी मात्र माल परत द्यायला साफ नकार दिला. त्यांचा म्होरक्या कोण, तर नूरोआ.

"याच्यामुळे माझी सिगारेट सुटलीय," तो म्हणाला. "भाजलं तर भाजलं. परत घेशील आणि मी उद्या पाकीट विकत घेईन, मग?"

"तुझ्या मांडीला विचार."

"मांडीला कोण विचारतंय, मला तलफ येते!"

परत आलेले बगळे बघायला आलेले नेव्हिल तिथेच उभे होते. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती ओढतोस?"

"मोजलं नाही, पापा."

"मग मोज. शनिवारी दहाला इथे ये. तोवर मी तुला यादीतला, कुलपाचा एक साधा व्हेप देतो. हा डुप्लिकेट माझ्याकडे ठेव. मीही पस्तीस वर्षं ओढली आहे. तलफ काय असते ते मला सांगू नकोस."

अशी दुकानाच्या मागच्या खोलीत शनिवारची बैठक सुरू झाली. आधी नूरोआ एकटाच, मग त्याचे दोन ड्रायव्हर मित्र, मग गिरणीच्या कँटीनमधली एक बाई. दर आठवड्याला व्हेपमधल्या रसातलं निकोटिन थोडं कमी करायचं, कुणी घसरलं तर ते मोकळेपणाने सांगायचं. मी डोनट तळून न्यायची. खाऊन खाऊन नूरोआचं वजन वाढलं, त्याचाही दोष मलाच मिळाला.

त्याच सुमारास संसदेच्या समितीने व्हेपच्या नव्या नियमांवर लोकांची मतं मागवली. अनाहेराने आमच्याकडून अर्ज भरून घेतला. गावच्या वाचनालयातून, संगणकाच्या पडद्यावरून, आम्हाला पाच मिनिटं बोलायचं होतं. नेव्हिलनी लग्नातला कोट घातला होता.

मी सांगितलं, "आमच्यासारख्या दुकानांत माल येतो तेव्हा होलसेलवाल्याच्या तोंडच्या शब्दावर भागता कामा नये. खोक्यावरच नोंदीचा नंबर असू दे, म्हणजे माझ्यासारखीला आळस करायला जागा उरणार नाही."

नेव्हिल म्हणाले, "नियम सैल करा असं मी म्हणत नाही. माझ्याही व्हेपला लावा. फक्त घरी चार वस्तू घडवणाऱ्याला तपासणी झेपेल अशी एखादी वाट ठेवा. नाहीतर प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि नक्कल करणारा मागच्या दाराने आत येतो."

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "पण मिस्टर ट्रॉटर, ही वस्तू मुळात असावीच का?"

नेव्हिलनी जरा विचार केला. "ज्या दिवशी ती कुणालाच लागणार नाही, बाई, त्या दिवशी मी लेथवर भोवरे करीन. तोवर ती कुणाची मांडी भाजणारी नसावी."

पडद्यावर कुणीतरी हसलं. कुणीतरी लिहूनही घेतलं.

त्या नियमांचं शेवटी काय होणार, हे अजून ठरलेलं नाही. होलसेलवाल्याने मात्र अनाहेराच्या पत्रानंतर बगळा विक्रीतून काढला आणि उरलेला माल नष्ट केल्याचं लेखी दिलं. हॅमिल्टनच्या तांत्रिक शाळेने नेव्हिलचा नवा, कुलपाचा व्हेप त्यांच्या प्रयोगशाळेत तपासून द्यायचं कबूल केलं. बदल्यात नेव्हिलनी तिथे बुधवारी लेथ शिकवायचा. नोंदणीचा अर्ज मागच्या महिन्यात गेला. परवा खात्याचं उत्तर आलं: दोन किरकोळ दुरुस्त्या करा आणि पुन्हा पाठवा. नेव्हिलनी ते पत्र मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.

आणि नूरोआ? गेले सात आठवडे त्याच्या रसात निकोटिन नाही. गेल्या शनिवारी त्याने तो साधा व्हेपही टेबलावर ठेवला आणि डोनट उचलला.

"मला आता नको हे."

"बघा पापा," मी म्हणाले, "तुमचा माल बाजारात येण्याआधीच गिऱ्हाईक पळालं."

"चांगलं दुकान चालवतेस तू," नेव्हिल म्हणाले. ते इतके खूश होते की त्यांनी दोन डोनट खाल्ले.

तेवढ्यात दार ढकलून एक धिप्पाड बाई आत आली. अंगाला सिगारेटचा वास, हातात गिरणीचं हेल्मेट. तिने आमच्याकडे संशयाने पाहिलं.

"सिगारेट सोडायची बैठक हीच ना? की प्रार्थना चाललीय?"

"थोडी थोडी दोन्ही," नूरोआ म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली.