आडव्या बापाचा आशीर्वाद

या माऊली, जरा जवळ सरकून बसा. एका आडव्या बापाची गोष्ट सांगतो. हसा पोटभर, पण मधेच उठू नका.

अड्याळचा भोजराज कीर्तनात टाळ धरायचा. देह दुसऱ्यासाठी झिजवावा, हे त्याने इतकं ऐकलं होतं, की झिजायला जागा शोधत होता. तेवढ्यात डॉक्टर मनालीबाई गावात आल्या. अंतराळात माणसाचं रक्त डोक्याकडे चढतं, हाडं ठिसूळ होतात; ते जमिनीवर तपासायला त्यांना निरोगी माणूस हवा होता. डोकं खाली, पाय वर अशा कलत्या बाजेवर दोन महिने पडायचं. जेवण, आंघोळ सगळं तिथेच. एकदा जरी उभा राहिला, तरी केलेलं पाण्यात.

भोजराजाला वाटलं, देवाचाच निरोप. बाजेच्या पायथ्याला विटा लावून तो पडवीत पडला. चेहरा भाकरीसारखा फुगला, पाय बगळ्याचे झाले.

आणि मधेच लेकीचं, रेणूचं लग्न निघालं. पाहुण्यांना तोच मुहूर्त हवा होता. चौघांनी बाज खांद्यावर घेतो म्हटलं, तर बायको शकुनबाईने त्यांना हाकललंच. मग भोजराज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, विटांसकट आणि नाडी धरून बसलेल्या मनालीबाईंसकट, मांडवात आला. निम्म्या अक्षता त्याच्या नाकात गेल्या.

पाठवणीला रेणू बापाच्या पायांशी वाकली, तशी शकुनबाईने तिचा हात धरला. निजलेल्याच्या पाया पडत नसतात. तसा नमस्कार एकदाच, तिरडीवर. तिकडून नवरदेवाची आजी सत्यभामाबाई म्हणाली, बापाच्या पाया न पडता निघालेली सून आमच्या उंबऱ्यात चालायची नाही. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नव्हतं.

भोजराजाने उठायला बाजेची कड धरली. "माफी द्या जी मॅडम. पोरगी पहिले."

रेणूच म्हणाली, "नाही बाबा. इतके दिवस काढले, माह्यासाठी मोडू नका."

तेव्हा कीर्तनकार कृष्णराव महाराजांनी मनालीबाईंना विचारलं, वर आभाळात उभा कोण अन् आडवा कोण? त्या म्हणाल्या, तिथे वर-खाली काही नसतंच.

"झालं तं मंग," महाराज म्हणाले. "भोजराज आडवा हाये कोनाच्या मानानं? आपल्या. आपनच निजून जाऊ."

आणि अख्खा मांडव निजला. बँडवाला छातीवर ढोल घेऊन निजला, वाढपी पोटावर बुंदीची परात घेऊन. भटजी पंचांगासकट निजले. उभी राहिली एकटी सत्यभामाबाई. जमिनीवरून सगळे डोळे तिच्याकडे. गुडघे तिचे वाकत नव्हते, अन् मानही आजवर कुठे वाकली नव्हती. तिने एकवार रेणूकडे पाहिलं. मग खांब धरून, कण्हत, ती कुशीवर पडली आणि गाल मातीला लावून बराच वेळ भोजराजाकडे बघत राहिली.

"आता बाप उभा दिसून राहिला," ती म्हणाली. "पड वं पोरी पाया."

रेणू सरपटत गेली. पाय उंचावर होते. निजल्या निजल्या हात लांबवून तिने टाच शिवली, हात कपाळाला लावला. भोजराजाचे डोळे भरले. पाणी गालावर न येता कपाळाकडे वाहिलं, केसांत जिरलं. वर आभाळात तर डोळ्यातलं पाणी ओघळतच नाही, डोळ्यालाच गोळा होऊन राहतं, असं मनालीबाई पुटपुटल्या, आणि नाडी मोजायचं विसरल्या.

वरात निघाली. सत्यभामाबाईला उठवायला तिघीजणी लागल्या.

तर माऊली, उद्या आभाळातून कुणी धडधाकट परत आला, की टाळ्या पिटा. पण त्या घटकेला सत्यभामाबाईची आठवण ठेवा. दुसऱ्याच्या लेकीसाठी त्या ताठ म्हातारीने मातीला गाल लावला होता.