चिमट्यांचा डबा

नवरा निवृत्त झाला की बायकोचं काम दुप्पट होतं, हे वहिनींना सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं. पण कामाबरोबर आपला गुरुवारही जाईल, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? गुरुवारचं माहीत होतं फक्त समोरच्या शिवणवालीला, आणि ती त्या गुन्ह्यात अर्ध्याची वाटेकरी.

वहिनींचे यजमान ब्रेडच्या कारखान्यात चौतीस वर्षं होते, त्यातली बरीचशी फोरमन म्हणून. सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. रोज अकरा हजार ब्रेड त्यांच्या नजरेखालून जायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या लाईनवरचा एक ब्रेड दोन्ही हातांत धरून घरी आणला, वहिनींना एक स्लाइस दिली आणि समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसा आहे?"

नवी नवरी दुसरं काय म्हणणार? "छान," वहिनी म्हणाल्या, आणि त्या एका शब्दानं एकतीस वर्षं बांधल्या गेल्या. ब्रेड वाईट नव्हता, पण त्याला चव म्हणून नव्हती. चावायला जावं तोवर तो टाळूला चिकटून बसायचा.

खरं बोलायचा प्रयोग एकदा झाला होता, पण तो नणंदेनं केला. जेवायला आलेली असताना ती बोलून गेली, "दादा, हा ब्रेड आहे की कापूस रे?" सगळे हसले, फोरमनही हसले. त्यानंतर आठ दिवस ते घरात 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले आणि अन्न चिवडून उठत राहिले. आठव्या दिवशी वहिनींनी त्यांच्यासमोर बसून चार स्लाइस खाल्ल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. वहिनींनी कानाला खडा लावला.

म्हणून तर गुरुवार. गुरुवारी कारखान्यातली यंत्रं साफ व्हायची आणि फोरमन दोन तास उशिरा यायचे. बावीस वर्षांपूर्वी शिवणवालीनं चमचाभर यीस्ट आणि पाकिटावरची कृती आणून दिली होती. पहिला पाव एका बाजूनं बसला, तरी दोघींनी तो उभ्याउभ्या, बोटं भाजत संपवला. मग दर गुरुवारी ठरूनच गेलं. यीस्टला फेस आला की वहिनींचा चेहरा खुलायचा. चिकट पीठ हाताखाली हळूहळू ऐकायला लागायचं, मऊ व्हायचं, ताणलं की ताणलं जायचं. फडक्याखाली झाकलेला गोळा तासाभरानं दुप्पट झालेला दिसला की बावीस वर्षांनंतरही त्यांना नवल वाटायचं. उरलेल्या पिठाला लोणी, साखर, दालचिनी लावून त्या गुंडाळ्या करायच्या. शिवणवालीच्या टेबलावर कापडाच्या चिंध्या बाजूला सारून दोघी त्या खायच्या, आणि कुणाच्या ब्लाउजला तुपकट बोट लागणार नाही एवढीच काळजी घ्यायच्या.

पाव ओव्हनमध्ये गेला की वहिनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि पंखा पाचवर ठेवायच्या. वास म्हणजे पुरावा. पावाचा साचा धुऊन, पुसून, त्यात कपड्यांचे चिमटे भरून गॅलरीत ठेवायचा. चिमट्यांच्या डब्याकडे कोण बघतंय?

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं फोरमनना एक ढाल दिली, आणि आजन्म दर शुक्रवारी चार ब्रेड घरपोच. फोरमनना ढालीपेक्षा ब्रेडचं कौतुक जास्त. दुसऱ्या दिवसापासून ते सवयीनं पहाटेच उठायचे, शर्टाला इस्त्री करायचे, घालायचे, आणि खुर्चीत बसून राहायचे. वहिनींना ते बघवायचं नाही. मग फोरमननी घराचाच कारखाना करायला घेतला, तेव्हा वहिनींना आधी बरं वाटलं आणि मग नाकी नऊ आले. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. फ्रिजवर वेळापत्रक. सोमवार: नळ तपासणे. गुरुवार: पंखे पुसणे.

असे अकरा गुरुवार गेले. वहिनी पंखे पुसताना शिडी धरून उभ्या राहायच्या आणि हाताला पिठाची आठवण यायची. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण सांगायचं म्हणजे काय? की तुम्ही जन्मभर जे केलंत ते मला गिळवत नव्हतं? आता त्यांच्याकडे उरलं होतं काय, तर ढाल आणि ब्रेड. त्यातला ब्रेडही काढून घ्यायचा?

आणि मग त्या बुधवारी फोरमननी गॅलरी आवरायला घेतली.

"अगं," बाहेरून आवाज आला, "हा साचा कुणाचा?"

वहिनींच्या हातातलं उलथनं थांबलं. "चिमट्यांचा."

"चिमटे भाजतेस?"

फोरमन आत आले. चिमटे त्यांनी काढून ठेवले होते. रिकामा साचा खिडकीच्या उजेडात धरून ते त्याच्या कडांवरून अंगठा फिरवत होते.

"नवा साचा चकचकीत असतो. हा असा काळपट तांबूस व्हायला हजार वेळा भट्टीत जावा लागतो. हजाराच्या वरच. आणि तेलाचा हात पण दर वेळी नीट दिलेला आहे." त्यांनी साचा उलटा करून बूड पाहिलं. "काम चांगलंय."

वहिनींनी उलथनं पुन्हा फिरवायला घेतलं. फोरमननी पुढे विचारलंही नाही. रात्रीच्या जेवणाला ते दोनच शब्द बोलले, 'हो' आणि 'नाही'.

सकाळी त्या आंघोळ करून आल्या तर फोरमन घरात नाहीत. साचाही नाही. गॅलरीत चिमटे एका पिशवीत बांधून ठेवलेले, वर चिठ्ठी: चिमटे, ४२ नग. एरवी वहिनी हसल्या असत्या. त्या तशाच समोर शिवणवालीकडे गेल्या आणि शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या.

"गेलं सगळं," त्या म्हणाल्या. "साचा घेऊन गेलेत कुठेतरी."

"साचा घेऊन माणूस जाणार कुठे, वहिनी? पोलिसांत?" शिवणवालीनं दोरा दातानं तोडला. "आले की सांगून टाका. बोलले नाहीत तर आठ दिवस बोलणार नाहीत. मागे नव्हतं झालं?"

"तेव्हा नोकरी होती. घरात बोलले नाहीत तरी तिकडे ओरडायला दोनशे माणसं होती. आता माझ्याशी बोलले नाहीत तर बोलणार कुणाशी?" हे म्हणताना वहिनींचे डोळे भरून आले. शिवणवालीनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

तेवढ्यात खिडकीतून फोरमन येताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, एका हातात जड पिशवी, दुसऱ्या हातात साचा. वहिनी पदरानं डोळे पुसत घरी धावल्या.

फोरमननी स्वयंपाकघरात येऊन साचा टेबलावर ठेवला. पिशवी खाली ठेवली. खुर्चीत बसले.

"किती वर्षं?"

"बावीस."

"कधी?"

"गुरुवारी."

"साफसफाईचा दिवस," फोरमन म्हणाले. तो दिवस त्यांनीच तर ठरवून दिला होता. "आणि मला वास कसा आला नाही कधी?"

"खिडक्या उघडत होते."

"खिडक्या!" फोरमननी मान हलवली. "अगं, दिवसभर भट्टीपाशी उभा राहणारा माणूस मी. पहिल्या दोन वर्षांतच नाक बधिर झालं. मला कारखान्यातल्या पावाचा वास येत नव्हता, घरातल्याचा काय येणार? फुकट उघडल्यास."

बावीस वर्षं उघडलेल्या खिडक्या वहिनींच्या डोळ्यांसमोरून गेल्या. पण हसावं की नाही, हे त्यांना अजून कळत नव्हतं.

"काल मला राग आला होता," फोरमन म्हणाले. "फार राग आला. बावीस वर्षं घरात एक गोष्ट चालते आणि मला पत्ता नाही. मग म्हटलं, आपण तरी कुठे सगळं सांगितलंय." ते उठले, आतल्या खोलीत गेले, कपाटावर काहीतरी खडखडलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन ते परत आले. ती त्यांनी टेबलावर ठेवली तेव्हा चक्क 'ठक्क' असा आवाज झाला.

वहिनींनी कागद सोडला. आत पाव होता. म्हणजे त्याचा आकार पावाचा होता.

"गेल्या महिन्यात तू बहिणीकडे गेली होतीस ना, त्या रविवारी केला," फोरमन खाली बघत म्हणाले. "म्हटलं, तू आल्यावर गरम गरम देऊ. चौतीस वर्षं, अगं! रोज अकरा हजार! आणि घरात एक येईना. मला दोनशे किलोचा हिशेब येतो. कळ दाबली की पीठ मळून येतं, माणसाचा हात लागत नाही त्याला. मी कधी हातानं पीठ मळलंच नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "फेकायला निघालो, तर कचरागाडीवाला म्हणाला असता, काय हो फोरमन, हे काय? म्हणून ठेवला कपाटावर."

वहिनींनी त्या विटेवर बोटानं टकटक केली. दार वाजवल्यासारखा आवाज आला.

"पाणी किती गरम घेतलं होतं?"

"अडतीस अंश."

"कशानं मोजलं?"

"अंदाजे. वाफ येत होती."

"वाफ!" वहिनी म्हणाल्या. "अहो, यीस्ट उकडून मारलंत तुम्ही! बाळाला आंघोळ घालतो तेवढंच कोमट घ्यायचं असतं." आणि एकदम त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. फोरमन थोडा वेळ गंभीर राहिले, मग विटेकडे बघून तेही हसायला लागले. हसता हसता वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडल्यावरच कळलं की किती दिवस टांगलेला होता.

फोरमननी पिशवी उघडली. दोन किलो पीठ, यीस्ट, लोणी. "हाच साचा दुकानदाराला दाखवला. म्हटलं, या मापाच्या पावाला काय काय लागतं ते दे. शिकवशील?"

वहिनींनी शिकवलं. सोपं नव्हतं. फोरमन हाताखाली काम करणारे नव्हेत, करवून घेणारे. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचे. "किती वेळ मळायचं?" "झालं असं वाटेपर्यंत." "म्हणजे किती?" वहिनींनी त्यांचा हात धरून पिठात दाबला. "हे बघा, कानाची पाळी लागते ना हाताला, तसं." फोरमननी पिठाळ बोटांनी आपली कानाची पाळी चाचपून पाहिली, पुन्हा पीठ चाचपलं, आणि मळत राहिले. पण गोळा तोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी पीठ तळहातावर तोललं, चिमूटभर काढलं आणि म्हणाले, "साडेचारशे ग्रॅम." वहिनींनी काट्यावर ठेवलं. साडेचारशे. आता आ वासायची पाळी त्यांची होती.

पीठ फुगेपर्यंत फोरमननी फ्रिजवरच्या कागदावर गुरुवारचे पंखे खोडले आणि लिहिलं: पाव. मुख्य: ती. मदतीला: मी.

ओव्हन तापला, पाव आत गेला. वीस मिनिटांनी वहिनी सवयीनं उठल्या आणि खिडकीची कडी काढायला लागल्या.

"राहू दे," फोरमन म्हणाले.

त्या वळल्या. फोरमन ओव्हनसमोर उभे होते, मान थोडी वर केलेली, डोळे मिटलेले. "अकरा आठवडे झाले ना मला भट्टीपासून लांब," ते हळूच म्हणाले. "नाक परत आलंय बहुतेक. हा असा असतो होय वास?"

वहिनींनी कडी परत लावली. चौतीस वर्षं ज्याच्या अवतीभवती पाव भाजला जात होता, त्या माणसाला आज इतक्या वर्षांनी त्याचा सुगंध येत होता. वहिनींना इतकं बरं वाटलं की त्या त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोघं काचेतून पावाला रंग चढताना बघत राहिले.

दार वाजलं. शिवणवाली खाली बघत आत आली. "वहिनी, कात्री राहिली का माझी इथे?" कात्री तिच्या गळ्यातल्या दोरीला लटकत होती. फोरमननी तिच्यासाठी खुर्ची ओढली. दालचिनीच्या गुंडाळ्या झाल्यावर त्यातल्या चार बांधून घेऊन ती गेली, आणि जाताना वहिनींच्या पाठीवर थाप मारून गेली.

पाव कापला. साल कुरकुरीत वाजली, आतून वाफ आली. फोरमननी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. एकतीस वर्षांपूर्वी ते बघत होते, तशाच.

"आता खरं सांग," फोरमन म्हणाले. "आमचा ब्रेड कसा होता?"

वहिनींच्या ओठावर 'छान' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पोट भरायचं त्यानं," त्या म्हणाल्या.

फोरमननी हातातला तुकडा खाली ठेवला. खिडक्या बंद होत्या, घरभर वास कोंडला होता.

"पोटच भरायचं होतं त्याला," फोरमन शेवटी म्हणाले, आणि ताठ बसले. "सकाळी घाईत निघणाऱ्या माणसाचं, शाळेच्या डब्याचं. रोज अकरा हजार घरांचं. कमी नाही."

"कमी कोण म्हणतंय?"

त्यांनी आणखी एक तुकडा तोडला, त्यावर लोणी लावलं आणि तो वहिनींच्या ताटलीत ठेवला. "उद्या गाडी येईल. चार ब्रेड. नको म्हणून कळवू?"

"नका हो. येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "सकाळच्या चहात बुडवायला तोच लागतो मला. हा पाव विरघळत नाही."

हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते खरं होतं.