नळीवरचे ओक

फिर्मिनोला वाट बघणं कधी जमलंच नाही. पोर्तुगालातल्या आलेंतेजूच्या त्या उतारावर बाटल्यांच्या बुचांसाठी साल देणारा ओक लावायचा तो नातवासाठी, कारण पहिली साल निघायलाच पंचवीसेक वर्षं जातात; आणि फिर्मिनोला नातू सोडाच, मूलही नव्हतं. त्याची इच्छा एकच होती: स्वतः पेरलेल्या झाडाची पहिली साल स्वतःच्या कुऱ्हाडीने, जिवंतपणी काढायची.

त्याने आणि थोरल्या भावाने, आन्सेल्मोने, बापाच्या जमिनीत एकाच हिवाळ्यात, एकाच पोत्यातल्या बिया टोचल्या होत्या. आन्सेल्मोने सुरुवातीला बादलीने पाणी घातलं आणि मग रोपं आभाळाच्या भरवशावर सोडून दिली. फिर्मिनोने धरणाच्या कालव्यावरून ठिबकची नळी आणली. त्याची झाडं अशी सुटली की बघणाऱ्याने टोपी मागे सारावी. थोरल्याची झाडं अजून मनगटाएवढीही नव्हती, तेव्हा ह्याच्या खोडांना साल काढण्याचं कायद्याचं माप भरत आलं.

कॅफेत तो चारचौघांत भावाला विचारायचा, "काय रे, ओक लावलेस की मेंढ्यांना चारा?" आन्सेल्मो वाइनचा घोट घेऊन एवढंच म्हणायचा, की आधी मुळं खाली जाऊ देत. एकदा त्यावरून हमरीतुमरी झाली आणि भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

पुढे लागोपाठ दोन हिवाळे कोरडे गेले. धरणाचा तळ दिसू लागला. उरलेलं पाणी माणसांना प्यायला ठेवलं आणि झाडांचं बंद झालं. जुलैत फिर्मिनोच्या ओकांची पानं तांबूस पडली, बारा महिने हिरवी राहणारी पानं! त्याने नळीखाली खणून पाहिलं. सगळी मुळं वीतभर मातीत, नळीभोवती गुंता करून बसली होती. खाली एकही गेलं नव्हतं; जायला कारणच काय होतं? वरच्या अंगाला आन्सेल्मोची खुरटी झाडं धुळीने माखली होती, पण हिरवी होती. ते फिर्मिनोच्या जिव्हारी लागलं.

त्याने कुऱ्हाडीला धार लावली. गावात हे कळलं, तसा आन्सेल्मो कित्येक वर्षांनी त्याच्या बांधावर आला.

"यंदा हात लावू नकोस," तो म्हणाला. "तहानलेलं झाड साल सोडत नाही, हे काय तुला मी सांगायचं? ओढलीस तर आतली कातडी घेऊन येईल, आणि झाड मरेल. पाऊस झाला तर काही बुडातून फुटतील."

"फुटतील, आणि माझ्या हयातीत साल देतील?"

आन्सेल्मोने वाकून कोरडी नळी चाचपली.

"तुला थांबायला काय जातंय? तुझ्यामागे लेक आहे, नातू आहे. मला कोण आहे?"

त्यावर आन्सेल्मोने तोंड उघडलं, मिटलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फिर्मिनोने सगळ्यांत जाड झाडावर घाव घातला. ओल्या वर्षी साल सुटते तेव्हा कापड फाटल्यासारखा आवाज येतो. इथे कुऱ्हाड नुसती खटखट वाजली. त्याने पातं आत घालून पिळलं, तर साल तुकड्यातुकड्यांनी आली, आणि तिच्याबरोबर आतली कातडीही. उघडं लाकूड दिसू लागलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण हा कसला थांबतोय! संध्याकाळपर्यंत मापात बसणारं एकूण एक झाड त्याने सोललं. मग रिवाजाप्रमाणे प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने वर्षाचा शेवटचा आकडा काढला, पुढची साल नऊ वर्षांनी काढायची म्हणून.

ऑक्टोबरात पाऊस आला, चांगला धो धो. सोललेली झाडं काळी पडून तशीच उभी राहिली. नळीच्या टोकाला, जिथे पाणी कधी धड पोचलं नाही, तिथल्या काटकीएवढ्या झाडांना पालवी फुटली. त्यांना त्याने इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या.

आन्सेल्मो आला आणि त्याच्याशेजारी दगडावर बसला.

"ती टोकाची तू घे," फिर्मिनो म्हणाला. "तुझा नातू काढील साल."

आन्सेल्मोने टोपी काढून हातात फिरवली. "नातू लिस्बनला मोबाइल दुरुस्त करतो. साल काढणं शिकायला ये म्हटलं, तर हसला. माझी तर कुणी न सोलताच उभी राहणार आहेत."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

समोर ओल्या, काळ्या खोडांवर फिर्मिनोने काढलेले आकडे स्पष्ट दिसत होते.